विजेच्या बसचा धूर

रस्त्याच्या एका कडेला दिव्याची पेटी, समोरच्या कडेला आरसा. मधून गाडी गेली की तिच्या मागच्या हवेतून किरण जातो आणि व्हॅनमधल्या पडद्यावर धुराचा आकडा उमटतो. तो वाचणं हे ताईचं काम. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, वयानं मोठे असलेले साहेबसुद्धा.

आठवडाभराचे आकडे ताईनं पुन्हा पुन्हा ताडून पाहिले होते. दुसऱ्या एका शहरातही असंच यंत्र लावलं होतं. मोटारींचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखे; पण इथल्या बस तिथल्यांच्या तिप्पट धूर ओकत होत्या. हा अहवाल गेला की जुन्या बस भंगारात आणि त्यांचे ड्रायव्हर घरी. त्या ड्रायव्हरांत तिचा सख्खा भाऊ होता.

आदल्या संध्याकाळी तिनं दादाला सगळं सांगून टाकलं. त्याचा घास हातातच राहिला.

"माझ्यासाठी आकड्यांत खाडाखोड करू नकोस हं."

"करतेय कशाला! लहानपणी माझ्या वेण्या ओढायचास, तेव्हा केली होतीस माझी दया?"

"मग झालं तर. भाजी वाढ."

वाढलेली भाजी मात्र ताटात तशीच राहिली.

आज मोजणीचा शेवटचा दिवस. एक बस गेली आणि आकडा टुणकन वर उडाला. ताईनं खिडकीतून पाहिलं, ती पाहतच राहिली.

"साहेब, ही विजेवरची बस होती, आजच या रस्त्यावर सुरू झालेली. आणि पडद्यावर धूर दिसतोय."

"विजेच्या बसचा धूर? चोरून सिगारेट ओढते की काय?"

साहेब हसले, पण ताई खाली उतरून रस्त्याकडेला उभी राहिली. पुढची बसही विजेवरचीच. ती गेली तशी तिच्यामागून वारा आला, ओढणी उडाली आणि नाकात डिझेलचा भपकारा शिरला.

कुंपणाआड यंत्राला वीज पुरवणारा त्यांचाच डिझेलचा जनरेटर धडधडत होता. पहिल्या दिवशी साहेबांना फोनवर ऐकू येईना, म्हणून दोघांनी मिळून तो तिथं ढकलत नेला होता, नेमका किरणाच्या तोंडाशी. छोट्या मोटारींनी त्याचा धूर हलत नव्हता. बसचं एवढं मोठं धूड मात्र तो आपल्यामागे ओढत किरणात आणून सोडत होतं.

"साहेब, आठवडाभर आपण आपलाच धूर मोजतोय!"

साहेबांचा चेहरा पडला. "त्या शहरात मोजणी करणाऱ्या बाई मला जन्मभर चिडवतील." मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "चला, ढकला परत. मोजणी पहिल्यापासून."

ताईच्या मनात धाकधूक होतीच. बस खरंच तेवढा धूर सोडत असल्या तर? दादाची बस दिसली तेव्हा तिनं श्वास रोखून धरला. आकडा उमटला. त्या शहरातल्या बसहून जरासा जास्त, इंजिनची दुरुस्ती केली की भागेल इतकाच. मागून आलेल्या जुन्या बसही तशाच. ताईला हसू आलं, आणि डोळेही पुसावे लागले.

दादाची बस शेवटच्या थांब्यावर पोचली असेल, असा अंदाज घेऊन तिनं फोन लावला.

"तुमच्या बसना नुसता खोकला आहे रे, दमा नाही!"

पलीकडे बाकीचे ड्रायव्हर 'काय झालं, काय झालं' विचारू लागले.

"थांब," दादा घाईघाईनं म्हणाला, "सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. फोन त्यांच्यासमोर धरतो. मोठ्यानं सांग."

आणि ताई भर रस्त्यात ओरडली, "खोकला! नुसता खोकला!"

पलीकडून असा गलका उठला, की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.