तीन शिफ्टांची जिलेबी

कलावतीबाईंना इंग्रजीतली तीनच अक्षरे येत होती: ए, बी आणि सी. ती अक्षरे त्या कोणत्या शाळेत शिकल्या नव्हत्या. भिलाईच्या सेक्टर पाचमधल्या क्वार्टरात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून शिकल्या होत्या. मुलगा विजयकुमार पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला होता आणि त्याची ड्यूटी दर आठवड्याला बदलायची. ए म्हणजे सकाळी सहा ते दुपारी दोन, बी म्हणजे दोन ते रात्री दहा, आणि सी म्हणजे रात्रभर. जानेवारीत नवे कॅलेंडर आले की विजयकुमार प्रत्येक आठवड्यापुढे लाल पेनाने अक्षर घालायचा. ते काम झाले की त्या कॅलेंडरकडे बघायची गरज फक्त त्यालाच पडे. बाईंना शेंगा सोलता सोलता पुढच्या दोन महिन्यांचे पाठ असे. एकदा तो पहाटे बूट चढवून, डबा घेऊन फाटकापर्यंत गेला होता. बाईंनी त्याला ओसरीतूनच हाक मारली.

"बी हाय तुही. ये, झोप."

तो परत आला आणि झोपला. खात्री करायला त्याने कॅलेंडर पाहिले नाही, यावरून बाईंची या विषयातली पत कळावी.

१९७९ साली बाईंना साखरेचा आजार निघाला. हॉस्पिटलच्या मेडिकल बुकात डॉक्टरांनी पथ्य लिहून दिले. गूळ, साखर, बटाटा, भात सगळे कमी, आणि मिठाई पूर्ण बंद. हे पथ्य पाळायची जबाबदारी सून ताराकडे आली. ताराने साखरेचा डबा वरच्या फळीवर नेला. बाईंनी तिला एका शब्दानेही विरोध केला नाही. फक्त घरी कोणी आले, की फिका चहा पुढे करत त्या म्हणायच्या की आमच्या घरी साखर मिळत नाही, सून कडक आहे. पाहुणा ताराकडे बघे. तारा ओट्याकडे बघे.

पुढच्या वर्षी, ए शिफ्टच्या एका गुरुवारी, तारा दूध आणायला निघाली तेव्हा बाईंनी तिला थांबवले. विजयकुमार पाचलाच गेला होता, नात बेबी शाळेत होती. बाईंनी पेटीतून मेडिकल बुक काढले, पोथी काढावी तसे दोन्ही हातांनी, आणि ताराला त्याच्यावर हात ठेवायला लावला.

"बाबुलालच्या हॉटेलात गरम जिलेबी निघून राहिली असन. दोनच आन. कोणाले सांगू नको. फक्त तुलेच सांगून राहिली मी."

त्या शेवटच्या वाक्याने तारा विरघळली. लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि सासूने फक्त तिलाच सांगावे असे काही आजवर निघाले नव्हते. तेव्हापासून दर ए शिफ्टच्या गुरुवारी दोन जिलेब्या पदराखालून येत राहिल्या. बाई मोरीच्या दाराशी उभ्या राहून खात, बोटे धूत, आणि लगेच ताराने आमटीत मीठ जास्त घातल्याची आठवण काढत. तीन आठवड्यांतून एकदा दोन जिलेब्या. तारा स्वतःला समजवायची की एवढ्याने काय होते.

साखर मात्र खाली येईना. दर तपासणीला आकडा तिथेच, गोळ्या वाढत्या. १९८५च्या ऑगस्टमध्ये बाईंना न्यूमोनिया झाला. दाखल केले त्या दिवशी मेडिकल बुक चाळत डॉक्टरांनी ताराला पथ्याबद्दल विचारले, "परहेज़ तो करा रही हैं न?" तारा म्हणाली, "जी, पूरा." सहाव्या दिवशी बाई गेल्या.

फुफ्फुसे निकामी झाली होती, असे डॉक्टरांनी सांगितले. विजयकुमारने ते ऐकले आणि मानले. तारानेही ऐकले, पण तिच्या कानात राहिला तो आपलाच आवाज: जी, पूरा. वर्षभर ती हे कोणाशी बोलली नाही. तिने एकच गोष्ट केली. भिंतीवरचे ते ८५चे कॅलेंडर वर्ष संपले तरी टाकून दिले नाही. त्यावर बाईंनी बोटाने ठिपके दिले होते, दर गुरुवारी हळदीचा आणि दर सोमवारी कुंकवाचा, अगदी आजारी पडेपर्यंत. गुरुवार दत्ताचा, सोमवार महादेवाचा. असली भक्ती आपल्याच्याने व्हायची नाही, असे म्हणत ताराने ते कॅलेंडर देव्हाऱ्याशेजारी टांगले आणि रोज त्यालाही उदबत्ती ओवाळू लागली.

वर्षश्राद्धाला नणंद नलूताई दुर्गजवळच्या बोरसीहून आदल्या दिवशीच आल्या. त्या विजयकुमारपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, आणि ताराच्या मते सोळा. आल्याबरोबर त्यांनी डाळ नीट भिजली का ते पाहिले, वडे किती होतील ते विचारले, आणि ताराचे उत्तर यायच्या आत स्वतःच सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वडे, कढी, खीर तयार होते. गुरुजी, नरहरी महाराज, दहाला यायचे होते. विजयकुमार सोवळे नेसून, दर्भ आणि तीळ मांडून बसला होता. नलूताई पान मांडत म्हणाल्या की मायले जे आवडे तेही एक पानावर पाहिजे, नाही तर एवढे केलेले तिला पोचायचे नाही.

"तिले काय आवडे, तारा? तूच तर होती तिच्याजवळ."

सरळ प्रश्न होता. ताराच्या हातात कढीचा डाव होता. खीर आवडे, म्हटले असते तर भागले असते. पण बाईंच्या पानासमोर उभे राहून दुसऱ्यांदा खोटे बोलणे तिला जमेना. तिने डाव खाली ठेवला.

"जिलेबी," ती म्हणाली. "मीच आणून देत होती, नलूताई. लपून. पाच वर्षं. डॉक्टरले मी खोटं सांगतलं. बाई माह्याच हातानं गेल्या."

आता आभाळ कोसळणार, म्हणून तारा मान खाली घालून उभी राहिली. ते कोसळेना. नलूताईंनी फक्त विचारले, तेही खालच्या आवाजात.

"कोणत्या शिफ्टले?"

"ए."

नलूताई पाटावर बसल्या. मग पदराने तोंड पुसले.

"माह्याकडे सी होती."

ताराला आधी कळलेच नाही. मग नलूताईंनी सांगितले. सी शिफ्टच्या आठवड्यात विजू रात्रभर जागून सकाळी झोपायचा, तारा त्याची झोप मोडू नये म्हणून मागच्या खोलीत शिलाई घेऊन बसायची. अशा आठवड्यात बाई बोरसीला निरोप पाठवत की मला बोलायला कोणी नाही, गुरुवारी ये. नलूताई येताना स्टेशनजवळून दोन जिलेब्या आणत. मेडिकल बुकावर हात ठेवून झाला होताच. फक्त तुलेच सांगून राहिली, हेही झाले होते. ताराला आठवले, त्या दिवसांत नणंद आली की सासूबाई किती प्रेमाने तिला मोरीकडे घेऊन जात. मायलेकींचे गूज म्हणून ती मुद्दाम लांब राहायची.

मग दोघींनी एकदमच विजयकुमारकडे पाहिले.

विजयकुमार दर्भाची पाती निवडत होता. सगळी सारखीच होती, तरी तो निवडत होता.

"विजू," नलूताई म्हणाल्या, "बी कोणाची?"

"बी शिफ्टले मी सकाळी घरी राहो," तो पात्यांना उद्देशून म्हणाला. "भाजी आनाले जाच लागे."

तारा हसली नाही, पण वर्षभरात प्रथमच तिला खोल श्वास घेता आला. पाठोपाठ राग आला. फक्त तुलेच, म्हणे. सोळा वर्षांत सासूने एकच गोष्ट तिच्या एकटीच्या हवाली केली, तीही तिघांत वाटलेली निघाली. नलूताईंना तेवढ्यात कॅलेंडर दिसले. त्यांनी जवळ जाऊन ए, बी, सी अशा अक्षरांवरून आणि गुरुवारच्या ठिपक्यांवरून बोट फिरवले. एकही आठवडा सुटला नव्हता.

"हे तू देवाजवळ कावून लावलं?"

ताराने सांगितले. उदबत्तीचेही सांगितले. यावर नलूताई इतक्या हसल्या की खोकला लागून त्यांना पाणी द्यावे लागले. विजयकुमारने आईची बाजू घेत कुंकवाच्या ठिपक्यांकडे बोट दाखवले. हळदीचे सोडा, पण सोमवारचे तर खरे आहेत, दर सोमवारी ती महादेवाला जायचीच. तेवढे दोघींनी मान्य केले.

दहाला वीस मिनिटे कमी होती. जिलेबी आणायला ताराच निघाली.

बाबुलालची कढई रस्त्यालाच होती. पाच वर्षांत तारा तिथे कधी दोन मिनिटांवर थांबली नव्हती. कागद घ्यायचा आणि चालू लागायचे. आज तिने सांगितले की आईंचे वर्षश्राद्ध आहे, पानावर ठेवायला हवी. बाबुलालने झारा बाजूला ठेवला आणि हात जोडले.

"अम्मा को गुज़रे साल हो गया? उस समय मैं सोचता था, सोमवार को आना क्यों बंद कर दीं।"

ताराने विचारले, कोणता सोमवार. बाबुलालच्या लेखी त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. दर सोमवारी अम्मा मंदिरातून यायच्या, त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायच्या, दोन खायच्या. कपाळाला ताजे कुंकू असायचे. गर्दी असली तर बाक त्यांच्यासाठी रिकामा करावा लागे.

"पूछती थीं, बहू ले गई क्या? कहती थीं, उसको मत बताना। बेचारी को लगता है, वही खिलाती है।"

तारा त्या बाकाकडे बघत राहिली. लाकडाचा, एका पायाखाली विटेचा तुकडा. इथे बसून, शांतपणे, पाय हलवत बाईंनी तिला बेचारी म्हटले होते. ताराने पदराखालून जिलेबी आणली असती किंवा नसती, सोमवार काही थांबणार नव्हता. आणि त्या जिलेबीसाठी मेडिकल बुकावर हात ठेवायला कोणाला बोलावलेले नव्हते.

"कितनी दूँ?" बाबुलालने विचारले.

"चार."

ती घरी पोचली तेव्हा गुरुजी पाय धूत होते. ताराने पानाच्या डाव्या अंगाला, चटणीच्या खाली, चारही जिलेब्या ओळीने मांडल्या. नलूताईंनी मोजल्या.

"तिघांच्या तीन. चवथी कोणाची?"

ताराने देव्हाऱ्याकडे पाहिले. तिथे कुंकवाचे ठिपके सोमवारमागून सोमवार खाली उतरत गेले होते. सांगायला एक वाक्य पुरले असते.

"महादेवाची," ती म्हणाली, आणि पानाभोवती पाणी फिरवायला विजयकुमारच्या हातात तांब्या दिला.