ताईची लिंक

बारक्या आता चाळिशीला टेकला होता, पोटही सुटलं होतं. पण सगळ्यांत धाकटा म्हणून ताई त्याला अजून बारक्याच म्हणायची. तो एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट सांभाळायचा. पेशंटना रिपोर्ट लिंकवरून जायचे, आणि ती लिंक म्हणजे मारुतीचं शेपूट! प्रश्नचिन्हं, टक्के, बरोबरची चिन्हं, काय वाटेल ते. मेसेजमध्ये ती मधेच तुटायची आणि म्हातारी माणसं अर्धीच दाबून बसायची. म्हणून यानेच हौसेने सुचवलं, की बाहेर छोटी, सुटसुटीत लिंक देऊ. आत आली की सर्व्हर तिचं लांबलचक रूप आपलं आपण करून घेईल. जुन्या लिंका याने बंदही करून टाकल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर सगळं झकास चाललं. सकाळी नव्या लिंकांचे मेसेज सुटले आणि थोड्याच वेळात काउंटरवरचे फोन खणखणायला लागले. रिपोर्ट कुणालाच दिसेना. ‘पान सापडले नाही’, एवढंच.

त्यात ताईचा फोन आला.

"अरे बारक्या, माझ्या रिपोर्टचं पान सापडत नाही म्हणतंय. काही वाईट आहे म्हणून लपवलंय का रे?"

"कुणी लपवत नाही गं. माझाच घोळ आहे. लिंक पाठव इकडे, बघतो."

"पाठवते. पण उघडलं तर तू वाचायचं नाहीस. आधी मी. तुमची तोंडं बघून मला कळायला नको. घे शपथ."

त्याने घेतली, आणि अगदी मनापासून घेतली. ताईच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला याच लॅबमध्ये आला होता. आई गेल्यावर त्याला लहानाचं मोठं केलं ते ताईनेच.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय तेच कळेना. लिंक बदलायची सोय सर्व्हरवर चालू होती. छोटीची लांब लिंक कशी करायची त्या नियमांच्या फाइलीतलं अक्षर न् अक्षर त्याने तपासलं. काहीतरी बदलायचं, ताईची लिंक दाबायची. पान सापडले नाही. पुन्हा बदलायचं, पुन्हा दाबायची. लॅबच्या डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, खाली एक गृहस्थ मुलीचा रिपोर्ट मागतायत. रडकुंडीला आलेत. काय सांगू त्यांना?"

"झालंच, बाई," तो म्हणाला. झालं काहीच नव्हतं.

शेवटी सापडलं. नियमांची फाइल त्याने वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्ये लिहिलेलं होतं, की फोल्डरमधल्या असल्या फायलींकडे लक्ष देऊ नये. सून कितीही शहाणी असली तरी सासूने घरभर सांगून ठेवलंय, हिचं ऐकू नका. त्याच्या कॉम्प्युटरवर ही सासू नव्हती, म्हणून तिथे चाललं. त्याने सेटिंगमधला तेवढा एक शब्द बदलला, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि सकाळपासून लागलेल्या सवयीने ताईची लिंक दाबली.

पान उघडलं.

नजर आवरायच्या आत शेवटच्या ओळीवर गेली. तो डॉक्टर नव्हता, पण इतकी वर्षं याच रिपोर्टांत काढल्यावर कोणता शब्द चांगला आणि कोणता नाही, एवढं त्याला कळत होतं. हा चांगला नव्हता. त्याने पान झटकन बंद केलं. असल्या चाचणीसाठी एक खोटा पेशंट त्यानेच बनवून ठेवलेला होता, आणि अख्ख्या सकाळभर या गाढवाला त्याची आठवण झाली नाही.

"उघडलं, उघडलं!" काउंटरवरची बाई ओरडली. डॉक्टरबाईंनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि त्या खाली पळाल्या. त्याचा फोन वाजायला लागला.

"काय रे, झालं का चालू?" ताईने विचारलं. "उघडू?"

ती घरात एकटी होती. भाऊजी संध्याकाळशिवाय येणार नव्हते. अजून चालू नाही, असं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं, पण ताईशी खोटं बोलणं त्याला लहानपणापासून कधी जमलं नव्हतं.

"थोडं थांब ना, ताई. मी येतोच तिकडे. मग दोघं मिळून बघू."

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.

"चालू झालंय ना पण?"

"झालंय."

"मग थांबायचं कशाला?"

फोन कानाला धरूनच त्याने टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

"बरं, ये," ती म्हणाली. "गाडी सावकाश चालव, बारक्या. आता मला घाई नाही."