माहेरचा दोष

"आजी, तुमच्या घरात लहानपणी मुलगे दगावलेत का?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाय," सिताबाई म्हणाली.

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण जावई उत्तरेश्वर शेजारीच उभा होता. माहेरचा दोष निघाला तर लेकीला, श्रीदेवीला, सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, या धास्तीनं म्हातारीनं तोंडाला कुलूप घातलं होतं.

श्रीदेवीचा धाकटा प्रेम आत तापानं फणफणत होता. प्लीहा सुजलेली, डोळे पिवळे. पेशींना अवेळी मरू न देणारं एक्सआयएपी नावाचं प्रोटीन त्याच्या अंगात तयारच होत नव्हतं. साध्या तापातही शरीर स्वतःवरच उलटत होतं. थोरल्या कुलदीपचा बोन मॅरो जुळला होता आणि सगळ्यांची भिस्त आता त्याच्यावर होती.

तेवढ्यात सिताबाईचा मुलगा जळकोटहून रक्त द्यायला आला. नर्सनं नाव विचारलं.

"केरबा."

डॉक्टर त्याच भागातले, मुरुम गावचे. त्यांचा पेन जागीच थांबला. पोरं जगत नसली की पुढचं बाळ केरात ठेवून उचलायचं आणि असं नाव द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं हाक मारून मारून सिताबाईलाच त्या नावाच्या अर्थाचा विसर पडला होता.

"आजी, यांच्या आधी किती गेले?"

"तिघं," सिताबाई म्हणाली. "तिन्ही पोरगेच. ताप यायचा, डोळं पिवळं व्हायचं…"

"हा दोष आईकडून मुलाला येतो. कुलदीप धडधाकट दिसला तरी त्याच्यातही तो असला, तर त्याचा बोन मॅरो देऊन आपण प्रेमला तोच आजार परत देऊ. आधी त्याची तपासणी."

आता जावई तोंड सोडणार, म्हणून सिताबाईनं मान खाली घातली. उत्तरेश्वरनं फक्त कुलदीपला जवळ ओढलं.

औषधांवर प्रेमनं कसेबसे पंधरा दिवस काढले. रिपोर्ट आला. कुलदीपमध्येही तोच दोष होता. केरबामध्ये नव्हता. त्याचा बोन मॅरो निम्माच जुळत होता, तरी तोच देऊन पाहायचं ठरलं.

"मामी, माजं भ्या वाटलं व्हय?" उत्तरेश्वरनं विचारलं.

सिताबाई काही बोलायच्या आत प्रेमपाशी बसलेली श्रीदेवी म्हणाली, "मागल्या साली प्रेमला पयला ताप आला, तवाच म्या इचारलं व्हतं, आई, आपल्यात आदी कुणाला असं झालं व्हतं का. तू म्हणलीस, पोरास्नी ताप येतोच."

"व्हय," सिताबाई म्हणाली. "म्हणले."