किल्ली दाखव

लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून भिंगरी शीळ घालत होता, तेवढ्यात टप हलला आणि वर सरकू लागला.

हातातला पाना निसटून खाली कुठंतरी खणखणत गेला. भिंगरी श्वास आत ओढून भिंतीला पालीसारखा चिकटला. खांद्याला लोखंडी पट्टी घासली, बाही फाटली, कातडी सोलवटली आणि वरच्या मजल्याच्या दारापाशी लिफ्ट थांबली. घडलं होतं एवढंच, की लिफ्ट बंद का पडली म्हणून इमारतीचा रखवालदार गच्चीवरच्या खोलीत गेला आणि भिंगरीनं खाली पाडलेला मेन स्विच त्यानं भाबडेपणानं वर केला. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? आत माणूस असला की स्विचला कुलूप असतं आणि किल्ली त्या माणसाच्या खिशात, हा या कामातला पहिला धडा. भिंगरीच्या खिशात किल्ली होती. कुलूपही खिशातच होतं.

"काही नाही झालं," बाहेर येऊन तो म्हणाला आणि हसलाही. खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी झकास वाटत होतं. डोकं लख्ख, हातपाय हलके. जोडीदार स्क्रू आणायला खाली गेला होता. त्याची वाट बघत बसण्याचा कंटाळा आला म्हणून गडी एकटाच टपावर उतरला होता.

साहेबांनी मात्र त्याला समोर बसवलं. "दाजी होते तोवर असं एकदाही झालं नाही," ते म्हणाले. "हे तुझं विसरणं आधी डॉक्टरला दाखव. मग कामाचं बघू."

दाजी म्हणजे ताईचा नवरा. भिंगरीला या कामात त्यांनीच आणलं. त्याआधी त्यानं चार नोकऱ्या धरल्या नि सोडल्या होत्या, लग्न ठरवून तारीख विसरला होता आणि स्कूटरवरून इतक्या वेळा पडला होता की दवाखान्यात त्याला बघून कुणी दचकत नसे. पायाला भिंगरी, म्हणून नावच भिंगरी पडलं. पण लिफ्टच्या त्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात, खाली दहा मजले मोकळे असताना, हा माणूस तासन् तास एका तारेवर नजर लावून बसे. बाकी जगात कुठंच न टिकणारं लक्ष तिथं टिकायचं.

दाजी दाराशी उभे राहायचे. हा आत पाऊल टाकणार तोच त्यांचा शांत आवाज यायचा, "किल्ली दाखव." निम्म्या वेळा किल्ली नसायची, कारण कुलूपच लावलेलं नसायचं. मग गच्चीपर्यंत जिने चढायचे, कुलूप लावायचं, धापा टाकत परत यायचं आणि किल्ली नाचवून दाखवायची. "बघून घ्या, कुलूपमंत्री." दाजी रागवत नसत. भिंगरी आतून मध्येच ओरडायचा, "कुलूपमंत्री, आहात ना?" उत्तर ठरलेलं. "आहे. इथंच आहे." दुपारी दोघं गच्चीवर डबा खायचे. भिंगरी कठड्यावर पाय बाहेर सोडून बसायचा, नि एकेक घास सावकाश चावत दाजी म्हणायचे, "पाय आत घे, मग बोल." काय दिवस होते ते. त्या दिवसांत आपल्याला कुणी सांभाळतंय, असं भिंगरीला कधी वाटलंसुद्धा नाही. दाजी गेल्याला आता दोन वर्षं झाली होती.

दवाखान्यात ताई बरोबर आली. डॉक्टरीणबाई प्रश्न विचारायच्या भिंगरीला आणि उत्तरं द्यायची ताई. शाळेत दप्तर विसरायचा का? "दप्तर? स्वतः शाळेत जायचं विसरायचा."

दोन-तीन भेटी झाल्यावर बाईंनी सांगितलं, "याला एडीएचडी म्हणतात. लहानपणापासून असतो, पुष्कळांचा मोठेपणीही जात नाही. साध्या कामात मन पेंगतं आणि धोका दिसला की खडबडून जागं होतं. म्हणून अशी काही माणसं उंचीच्या, विजेच्या कामाकडे ओढली जातात. सगळीच नाही. पण चूक व्हायची ती बहुधा त्या थरारात होत नाही. त्याच्या आधीच्या कंटाळवाण्या गोष्टीत होते."

"म्हणजे कुलपात," ताई म्हणाली.

भिंगरी खाली बघत होता. "म्हणजे मी निष्काळजी नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या त्या माणसाला रडू आलं. जन्मभर धांदरट, बेफिकीर, वाया गेलेला असं ऐकत आलेल्या माणसाला एवढा एक शब्द पुरला.

औषध सुरू झालं. पण ते लागू पडतंय की नाही हे कळेपर्यंत आत उतरायचं नाही, असं बाईंनी बजावलं, आणि तो काळ किती, ते त्यांनाही सांगता येईना. साहेबांनी दाराशी उभं राहायचं काम देऊ केलं.

"त्यापेक्षा घरी बसेन," ताईच्या स्वयंपाकघरात भिंगरी फणकारला. "आत उतरलो नाही तर मी कोण गं? दाराशी काय कुणीही उभं राहील. दाजींना दुसरं काही जमलं नाही म्हणून ते..."

ताईनं गॅस बंद केला. "साहेबाची खुर्ची त्यांना दोनदा देत होते," ती म्हणाली. "दोनदा नको म्हणाले. मी भांडले, आठवडाभर बोलले नाही. तर ते म्हणाले, मी खुर्चीत बसलो तर तुझ्या भावाला किल्ली कोण विचारणार?"

भिंगरीनं विचारलं, "मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगून काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी हीपण नोकरी सोडली असतीस." ताईनं डोळे पुसले आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. "पी. गार होतोय."

सोमवारी तो कामावर गेला. आत उतरायला पैलवान नावाचा मेकॅनिक होता, अंगानं दणकट नि स्वभावानं गरीब.

"कुलूप लावलं?"

"लावलं की."

"किल्ली दाखव."

पैलवान हसला. भिंगरी हसला नाही, दारातून हललाही नाही. शेवटी पैलवाननं खिशात हात घालून किल्ली दाखवली आणि टपावर उतरला.

मग नुसतं उभं राहायचं. आतून पाना घासल्याचे, तार ओढल्याचे आवाज येत होते, नि प्रत्येक आवाजाला भिंगरीचे हात शिवशिवत होते. जिन्याच्या खिडकीत दोन कबुतरं भांडत होती, ती बघायला त्याचं एक पाऊल पुढं पडलं. त्यानं ते मागं घेतलं. इतकं अवघड काम त्यानं आजवर केलं नव्हतं. दाजींनी ते वर्षानुवर्षं केलं, आणि तो त्यांना कुलूपमंत्री म्हणत राहिला.

आतून पैलवानचा आवाज आला, "भिंगरीभाऊ, आहात ना?"

त्यानं चौकट घट्ट धरली.

"आहे," तो म्हणाला. "इथंच आहे."