मालूचा ओटा

मालूची कंबर बुधवारी धरली आणि शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं, आता बसून करायचं काम बंद. चाला, उभ्या राहा, आडव्या व्हा, पण बसू नका. निदान वर्षभर तरी.

हे ऐकून तिच्या सासूला, मनुबाईला, आधी हसूच आलं. चाळीस वर्षं तिनं ठाण्याच्या बाजारात मासळी विकली होती. तिला कोणी कधी 'बसू नका' म्हटलं नव्हतं. म्हटलं ते 'ऊठ' असंच म्हटलं.

पण घरी येऊन मालू खिडकीपाशी गेली, टायपिंगच्या मशीनवरचं फडकं काढलं, हातानं मशीन पुसलं आणि फडकं पुन्हा घातलं. तेव्हा मनुबाईचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

मशीन मालूचं नव्हतं. ठाण्याच्या कोर्टातल्या प्रभाकर वकिलांचं होतं, मराठी अक्षरांचं, लोखंडासारखं जड. मालू मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली. वकील कागद पाठवायचे, ती कोलशेतला घरी बसून ते छापून द्यायची. बुटकं मेज, पुढ्यात पाट, पाटावर मालू. सहा वर्षं हेच चाललेलं. वकील माणूस भला, पण कोर्टाच्या तारखा त्यांच्या भलेपणाला थांबत नव्हत्या. त्यांचा निरोप आला, मालूबाईंना जमणार नसेल तर पुढच्या रविवारी येऊन मशीन घेऊन जातो, टिटवाळ्याच्या सुमतीबाईंना हवंच आहे.

"देऊन टाकते, आये," मालू म्हणाली. "उगाच अडवून कशाला ठेवायचं?"

"दे की," मनुबाई म्हणाली. "नायतरी टकटक ऐकून माझे कान किटलेत. माणसाच्या घरात आहे का सुताराच्या, कळत नाय."

मालू काही बोलली नाही. ती उलटून बोलत नसे, आणि मनुबाईला सुनेची हीच एक सवय अडचणीची वाटायची. समोरचा बोलला की माणसाला पुढचं सुचतं. समोरचा गप्प राहिला की आपलंच बोलणं आपल्या कानात घुमत बसतं.

ते तसंच घुमत राहिलं. कारण ह्याच टकटकीचं मनुबाई एक देणं लागत होती, आणि ते तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बाजारातल्या कोळणींना रस्त्याच्या कडेवरून उठवायचं ठरलं होतं. सगळ्याजणी भांडल्या, मनुबाई सगळ्यांत जास्त. तिच्या तोंडाला साहेब लोक घाबरले, पण हलले नाहीत. मग मालूनं ह्याच मशीनवर दीड पानाचा अर्ज छापला. खाली चाळीस बायकांचे अंगठे आणि सह्या. चार महिन्यांनी छप्पर मिळालं आणि छपराखाली सिमेंटचे ओटे. गुडघे पोटाशी घेऊन चिखलात बसणारी मनुबाई कंबरेएवढ्या ओट्यापाशी ताठ उभी राहून पापलेट कापायला लागली. पाठीतली जुनी कळ गेली ती गेलीच. बाजारात ती सगळ्यांना सांगायची, माझ्या तोंडामुळं मिळाला ओटा.

पाठीतली कळ! दुपारी आडवी झालेली मनुबाई उठून बसली. उभ्यानं करता येतं की सगळं काम.

"गो मालू," ती म्हणाली, "उभी राहून मार ना तुझी टकटक."

दोघींनी मिळून मशीन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून पाहिलं. उंची जमत होती, पण पहिल्याच कागदाला तेल लागलं, आणि दुसऱ्याला बोंबलाचा वास. मालूचा नवरा कान्हा कारखान्यातून आला, त्यानं कागद हुंगला. "हे कोर्टात गेलं तर जज्जसाहेब निकालाच्या आधी जेवायला उठतील," तो म्हणाला. मग मशीन तांदळाच्या पिंपावर चढलं. पिंप डुगडुगलं, मशीन निम्मं कलंडलं, कान्हानं धावत पकडलं म्हणून मालूचा पाय वाचला.

"लाकडाचा ओटा पायजे," मनुबाई म्हणाली. "मजबूत. पाय रोवलेला."

"तसा कोण बनवेल?" कान्हा म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्यानं खाली पाहिलं. कारण कोण बनवेल ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

खाडीच्या कडेला धाकू राहायचा. अख्ख्या कोलशेतच्या होड्या त्याच्या हातच्या. त्याच्या तोडीचा सुतार अजून जन्माला यायचाय. पण मनुबाई अकरा वर्षं त्याच्या दाराची वाट चालली नव्हती.

तिच्या नवऱ्याची, दामाजीची, होडी धाकूनंच बांधली होती. होडी पाण्यात उतरवली त्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, धाकूच्या खांद्यावर मानाचं नवं उपरणं पडलं. होडी पाण्यात गेली आणि डाव्या अंगाला कलली. अख्खा गाव बघतोय. मनुबाईचं तोंड कधी मागे राहिलंय? "सुताराची नजरच तिरपी," ती म्हणाली, "होडी सरळ कुठून येणार?" धाकूचा एक डोळा जन्मापासून तिरळा होता. त्यानं उपरणं काढलं, घडी केली, होडी बांधायच्या खुंटीवर ठेवलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, पोरांनी वजनाचे दगड एकाच बाजूला भरले होते. दगड हलवले, होडी सरळ झाली. मग दामाजी होता तोवर सात वर्षं ती कधी कलली नाही. पण मनुबाईनं बोललेलं परत घेतलं नाही. उपरणं तिच्या ट्रंकेत पडून राहिलं.

सोमवारी सकाळी मालू गॅसपाशी उभी राहून भात ढवळत होती. मनुबाई मागून गेली आणि जाळ्याच्या दोरीचं टोक पायाखाली धरून सुनेच्या कोपराइतक्या उंचीवर गाठ मारली.

"काय करतेस, आये?"

"काय नाय. तू किती वाळलीस ते बघते."

गाठ मुठीत धरून ती खाडीवर गेली. धाकू एका उलट्या होडीच्या फटीत, पाणी शिरू नये म्हणून, सूत ठोकत होता. त्यानं मान वर केली. एक डोळा मनुबाईवर आला, दुसरा खाडीवर राहिला.

"काय वयनी, वाट चुकलीस?"

"वाट चुकायला मी काय पावणी हाय? एक ओटा पायजे. लाकडाचा. उभ्यानं काम करायला. एवढ्या उंचीचा." तिनं दोरी पुढं केली. "शनवारपर्यंत."

"कोणाला?"

सुनेसाठी आलेय असं सांगितलं असतं तर धाकू हसला असता. एवढी ताठ बाई, सुनेच्या कंबरेपायी माझ्या दारात. तिला ते नको होतं.

"तुला काय करायचंय? बनव म्हटलं की बनव."

धाकूनं दोरी घेतली, गाठ निरखली. "बरं," म्हणाला. नाही म्हणाला असता तर मनुबाईला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

शनिवारी सकाळी धाकू आणि कान्हा हातगाडीवरून ओटा घेऊन आले. बघायला गल्ली जमली. जुन्या होडीच्या सागवानी फळ्या, रंधा मारून आरशासारख्या केलेल्या. पाय असे रुंद रोवलेले की वर बैल चढला तरी हलू नये. चारी बाजूंनी बोटभर उंचीचा काठ, आणि उजव्या कोपऱ्यात गोल भोक.

"हे भोक कशाला?" कान्हानं विचारलं.

धाकूनं त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. ओटा खिडकीपाशी ठेवला, मशीन वर चढलं. मालू उभी राहिली. कोपर बरोबर, मनगट बरोबर, मान ताठ. तिनं कागद घातला आणि ठोकायला सुरुवात केली. तीन शब्द नीट आले. चौथ्याची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली, पाचव्याचा नुसता काळा गोळा झाला.

मालूनं खाली वाकून पाहिलं. "आये," ती हळू म्हणाली, "वरची फळी उतरती हाय. उजवीकडं. मशीनचा गाडा डावीकडं सरकतो ना, त्याला चढ लागतो."

अकरा वर्षांपूर्वीचं बोलणं सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी होडी वाकडी नव्हती. आज ओटा खरोखर वाकडा होता, आणि सगळे मनुबाईच्या तोंडाकडे बघत होते.

धाकूनंही पाहिलं. मग मशीनकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "मला काय ठाव कागदाचं काम हाय ते," तो म्हणाला. "तू कोळीण. उभ्यानं काम करायचा ओटा म्हणालीस. मी मासळीचा केला. काठ असा की पाणी अंगावर येऊ नये, उतार असा की भोकातून निघून जावं."

मनुबाईच्या जिभेवर शब्द तयारच होता. तिच्या जिभेवर तो नेहमीच तयार असायचा. पण तिला त्या ओट्यात एक चूक सापडेना. मासळीचा म्हणून बघितला तर असा ओटा अख्ख्या ठाण्याच्या बाजारात नव्हता.

"तुझं काय चुकलं नाय," ती म्हणाली. "तू विचारलंस कोणाला म्हणून. मीच सांगितलं नाय."

कोणीतरी मागं खोकलं. शेजारच्या हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. धाकूचे दोन्ही डोळे, त्यांना जमेल तेवढे, मनुबाईवर आले.

"एक परात आण, मालू," तो म्हणाला. "पाणी भरून."

कान्हानं मशीन उतरवलं, परात ओट्यावर ठेवली. पाणी उजव्या काठाशी उंच, डाव्या काठाशी खाली. धाकूनं पिशवीतून लाकडाच्या पाचरी काढल्या, उजव्या दोन पायांखाली एकेक ठोकली, पाणी बघितलं, पुन्हा ठोकली. होडी समुद्रालाच विचारून सरळ करतात, तो म्हणाला, फूटपट्टीला नाही. शेवटी पाणी परातीत चारी अंगानं सारखं उभं राहिलं. कान्हानं मशीन पुन्हा चढवलं आणि मालूनं एक अख्खी ओळ छापली. सरळ, मुंग्यांच्या रांगेसारखी.

"आता भोक बुजवतो," धाकू म्हणाला.

"नको, काका," मालू म्हणाली. "टेबलावरच्या दिव्याची वायर त्यातून खाली सोडते. आजवर पायात यायची. आणि काठ पण राहू दे, पेन्सिली गडगडत नाहीत."

रविवारी प्रभाकर वकील मशीन न्यायला आले. रिक्षा दारात उभी ठेवूनच आले. आत बघतात तर मालू खिडकीपाशी उभी, कागदावर कागद चढतोय, चाललंय. ते थोडा वेळ बघत राहिले. मग पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला. "मंगळवारपर्यंत होईल ना, मालूबाई?" म्हणाले. चहा घेतला आणि रिकाम्या रिक्षेतून परत गेले. टिटवाळ्याच्या सुमतीबाईंसाठी दुसरं मशीन बघायला हवं, असं जाता जाता पुटपुटले.

मालू दारापाशी आली. तिचे डोळे भरले होते. "आये, माझ्यासाठी तू धाकूकाकाच्या दारात गेलीस."

"मंग? मला बाजारात ओटा कोणी दिला?"

"तुझ्या तोंडानं मिळाला म्हणतेस ना."

सून पहिल्यांदा उलटून बोलली होती. मनुबाईला बरं वाटलं. "बाजारात सांगायला तसं म्हणते," ती म्हणाली. "चाळीस वर्षांची कळ गेली माझ्या पाठीची, तुझ्या दीड पानानं. मी काय विसरले नाय. नुसतं बोलले नाय." मग लगेच, मालूनं आणखी काही म्हणायच्या आत, "आता रडत बसू नको. बसायचंच नाय तुला. एक कागद छापायचाय माझा."

"काय छापू?"

मनुबाईनं सांगितलं. मालूनं एकदा सासूकडे पाहिलं, आणि छापलं. एकच ओळ. खाली मनुबाईनं दुसरीपर्यंतचं शिक्षण पुरवून पुरवून सही केली.

ट्रंकेतलं उपरणं आणि तो कागद घेऊन ती खाडीवर गेली. धाकू त्याच उलट्या होडीपाशी होता. तिनं कागद पुढं केला.

"हे काय?"

"वाच."

"मला कुठं वाचता येतं, वयनी? तूच वाच."

मनुबाईला हे कसं सुचलं नव्हतं कोण जाणे. तोंडानं म्हणायला लागू नये म्हणून तर कागद छापून आणला होता. ती उभी राहिली. खाडीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग बोट ठेवून, अक्षरामागून अक्षर, वाचायला लागली.

"दा-मा-जी-ची... हो-डी... स-र-ळ... हो-ती."

"पुढं?"

"पुढं काय? पुढं माझं नाव हाय."

"ते पण वाच."

"मनुबाई दामाजी कोळी," ती म्हणाली. त्यासाठी तिला बोट ठेवावं लागलं नाही.

धाकूनं हात पुसले. तिच्या हातातलं उपरणं घेतलं, झटकलं, आणि खांद्यावर टाकलं. अकरा वर्षांच्या घड्या त्याला पडल्या होत्या, त्या काही एकदम मोडल्या नाहीत.

"पाचरी सैल झाल्या तर सांग," तो म्हणाला. "पावसाळ्यात लाकूड फुगतं. मी येऊन बघून जाईन."

"ये," मनुबाई म्हणाली. "आणि जेवायच्या वेळेला ये. उगाच चहावर बोळवण केली म्हणशील."