टक्

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण इराकवर निर्बंध होते त्या काळात याच टेबलावर, संगणकाच्या दोन वायरींवर मी अख्खा मासा भाजून खाल्लाय,” अबू सरमद म्हणाला आणि समोरच्या संगणकाच्या डब्याची काच सोडवू लागला.

“मागच्या आठवड्यात ती दोन अंडी होती,” चहाचे पेले ठेवता ठेवता शेजारचा चहावाला दाऊद म्हणाला.

“अंडी न्याहारीला. मासा दुपारच्या जेवणाला.”

उम्म निब्रास हसली नाही. अबायाची कड मुठीत धरून ती स्टुलावर अंग चोरून बसली होती. टॅक्सीतून तिनं तो डबा मांडीवर घेऊन आणला होता, तापानं फणफणलेलं लेकरू आणावं तसा.

बगदादच्या सिनाअ रस्त्यावर अबू सरमदच्या थापा त्याच्या हातातल्या कसबाइतक्याच खपत. दुरुस्तीसोबत गिऱ्हाईक एखादी थापही घरी घेऊन जाई. पण काच निघाली, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि म्हातारा मासा विसरला.

आतलं ग्राफिक्स कार्ड विटेएवढं जाडजूड. त्याला वीज पाजणारा प्लग मात्र बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि तो वितळून कार्डाच्या तोंडातच चिकटलेला. अबू सरमदनं चिमट्यानं हळूहळू हलवत तो उपटला, उजेडात धरला. प्लग पुरता आत असता तर डाग पिनांच्या मुळाशी पडला असता. हा टोकांवरच पडला होता. म्हणजे प्लग अर्धवट बसलेला. कुणीतरी काढला होता आणि परत लावताना शेवटपर्यंत दाबला नव्हता.

“घरात याला कोण हात लावतं?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मीच. दुसरं आहे कोण?”

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. तिचा मुलगा निब्रास तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून बोटीत बसला, त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. जाण्याआधी त्यानं आपला खेळ उघडून त्यात आईच्या नावाची एक बाई तयार केली होती आणि तिला एका किल्ल्याच्या दाराशी उभं केलं होतं. यम्मा, हे बंद करू नकोस, म्हणाला होता, जिथं पोचेन तिथून आत येईन आणि तुझ्याशेजारी उभा राहीन. तेव्हापासून यंत्र चालूच होतं. सरकारी वीज गेली की गल्लीतल्या जनरेटरवर. जनरेटरवाल्याकडून घेतलेले अँपिअर पुरेनात, म्हणून तेवढा वेळ ती फ्रीज बंद ठेवी. दूध नासे, नासू दे.

“एवढीशी वायर,” ती म्हणाली, “आपली आपण कशी जळेल?”

“एवढीशी म्हणू नका. हे कार्ड खेळ चालू असताना साडेचारशे वॅट पितं. खालच्या पट्टीतून त्याला मिळतात पंचाहत्तर. जुन्या आठ पिनांच्या वायरीतून दीडशे, म्हणून पूर्वी अशा दोन-तीन लावायचे. आता सगळा भार या एका प्लगवर. तुम्ही घराला किती अँपिअर घेता?”

“चार.”

“या तोंडातून तिसाच्या वर जातात. व्होल्ट बाराच असले, तरी तारेला गरम करायला अँपिअरच लागतात.”

दाऊद म्हणाला, हे तरी खरं आहे की हासुद्धा मासा. अबू सरमदनं त्याला चहाचं दुकान सांभाळायला पिटाळलं.

एका मेलेल्या कार्डाचं तोंड सोडवून त्यानं याला डाखलं. नवी, सहाशे वॅट झेपणारी वायर काढली. ती डब्यात वळवताना प्लगजवळ पिळली जाऊ नये म्हणून सैल वळण दिलं. मग अंगठ्यानं प्लग दाबला.

टक्.

आवाज बारीकच होता, पण तिनं मान वर केली.

यंत्र सुरू झालं, पंखे फिरले. दुकानाच्या जुन्या पडद्यावर किल्ला उगवला. दाराशी हिरव्या झग्यातली बाई उभी होती. उम्म निब्रासनं बाईकडे पाहिलंच नाही. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली, आणि चहा निवला.

मग म्हणाली, “हा आवाज दर वेळी यायला हवा?”

अबू सरमदचा हात थांबला. एवढे दिवस यंत्र बंद होतं. त्या दिवसांत निब्रास आला असेल आणि दार रिकामं बघून फिरला असेल, हे तिच्या मनात नसेल असं कसं म्हणावं?

“छे हो. कधी येतो, कधी नाही. हे त्या प्लगचं काम नाहीच. हे जनरेटरचं.” आणि एकदा जीभ सुटल्यावर तो थांबतो कुठला? सरकारी वीज जाऊन जनरेटर लागतो ना, त्या क्षणी जो झटका येतो तो भिंती फोडून येतो. कर्रादा मोहल्ल्यात तर एका मांजराच्या मिशा महिनाभर ताठ होत्या, शेजारची म्हातारी त्यांच्यावर कपडे वाळत घालायची. त्यापुढे हे कार्ड ते काय? कुणाच्या हातून काही झालेलं नाही, उम्म निब्रास, अल्लाशपथ, त्या जनरेटरनंच घात केला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. वितळलेला जुना प्लग टेबलावरून उचलला, रुमालात बांधला.

“अबू सरमद,” ती म्हणाली, “यंत्र जळलं त्या आठवड्यात आमच्या जनरेटरला कुलूप होतं. मालक भावाला पुरायला नजफला गेला होता. वादळाची धूळ आत बसली म्हणून वीज गेली असताना मीच हा प्लग काढून पुसला आणि परत लावला. टक् झालं नव्हतं.”