परवानगीने

कर्जविभागातल्या बाईंनी यादी पुढे सरकवली, ती कवळीकाकांनी आधी उलटीच धरली. दोष त्यांचा नव्हता. पुढच्या बाजूला सोळा कागद मागितले होते आणि मागच्या बाजूला ते सोळा कागद मिळवायला कोणते कागद लागतील याची यादी होती. ती अर्थातच मोठी होती.

कवळीकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. गेली सव्वीस वर्षं ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत, म्हणून सगळी गल्ली त्यांना तसं म्हणे. वडिलांनी बांधलेल्या घराच्या वरच्या एकुलत्या खोलीत ते, बायको आणि कॉलेजातली मुलगी राहत. खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल होतं, आणि त्याच्याच कोपऱ्यावर मुलगी अभ्यासाला बसे. समोर आठ-दहा परक्या माणसांचे जबडे तिच्याकडे बघून हसत. तिने बिचारीने परत हसणं केव्हाच सोडलं होतं. खालच्या तीन खोल्यांत मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. दादा नोंदणी कचेरीतून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं लोकांची खरेदीखतं तपासून ते घरातही कलमवार बोलत.

मुलीसाठी का होईना, वेगळी खोली हवी म्हणून कवळीकाकांनी एक दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला होता. बयाणा देऊन झाला होता. महिनाअखेरपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार आणि बयाणा बिल्डरच्या घशात.

"राहत्या पत्त्याचा पुरावा," बाई म्हणाल्या. "लाइटबिल कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"मग त्यांचं पत्र आणा, तुम्ही तिथे राहता म्हणून."

"ते वारले. अकरा वर्षं झाली."

बाईंनी यादीत पाहिलं. मेलेल्यांच्या पत्राची तरतूद नव्हती. "मग नाही चालणार. आता घर कोण बघतं?"

"दादा. मोठा भाऊ."

"त्यांचं आणा. स्टँप पेपरवर."

"अहो, मी त्याच घरात जन्मलोय."

"ते जन्मदाखल्यात आलं. राहण्याचं वेगळं लागतं."

अर्जात 'सध्याचं घर' या रकान्यापुढे चार चौकोन होते: स्वतःचं, वडिलोपार्जित, भाड्याचं, इतर. कवळीकाकांनी 'वडिलोपार्जित'वर खूण केली. बाईंचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. "हे बरं आहे. म्हणजे निम्मं तुमचंच की," त्या म्हणाल्या आणि समासात पेन्सिलीने काहीतरी बरं लिहिलं.

पुढचे दहा दिवस कवळीकाका कागदांमागे हिंडले. तीन वर्षांची कर विवरणपत्रं मिळाली. सहा महिन्यांचं पासबुक भरून आणलं. दोन्ही कान दिसणारे आठ फोटो काढले. व्यवसायाचा पुरावा म्हणून काय द्यावं ते कळेना, तेव्हा बायको म्हणाली, "दोन कवळ्या घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. बँकेला चावल्या म्हणजे पटेल." शेवटी एका डॉक्टरांनी पत्र दिलं. राहिलं फक्त दादांचं.

दादांनी चार ओळींना दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली बोलावून त्यांनी कागद पुढे केला. सुवाच्य, टपोरं अक्षर. 'अर्जदार हा माझा धाकटा भाऊ असून, तो माझ्या ताब्यातील घरात माझ्या परवानगीने राहतो. सदर मजकूर उभयतांस मान्य आहे.' खाली दोन सह्यांची जागा.

"दादा, हे 'परवानगीने' कशाला?"

"मग काय लिहू, चोरून?"

वहिनी भाजी निवडता निवडता हसल्या.

"नुसतं 'राहतो' लिही ना."

"नुसतं 'राहतो' फार उघडं पडतं रे. एका 'राहतो'वर नऊ वर्षं चाललेला दावा मी पाहिलाय. दोघे भाऊच होते." दादांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्याच सोयीचं सांगतोय."

कागद घेऊन कवळीकाका वर आले. त्या एका शब्दावर सही केली की बापाच्या घरातला आपला वाटा गेला, हे न समजण्याइतके ते भोळे नव्हते. बायको तर अजिबातच नव्हती. तिने कागद दोनदा वाचला.

"बदलून देतील?"

"दादा? कागद त्याच्या हातून सुटला की संपलं."

"आज तारीख काय?"

"सोळा."

तिने खोलीभर नजर फिरवली. एका भिंतीला रिकामी खोकी लावून ठेवली होती. "करून टाका सही. जायचंच आहे आपल्याला. गेल्यावर या खोलीत त्यांची परवानगी राहू दे म्हणावं. ऐसपैस राहील."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नोटरीपुढे दोघा भावांनी सह्या केल्या. दादांनी एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतली आणि परतताना धाकट्याला चहा पाजला. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. असं आठवणीत कधी घडलं नव्हतं.

चोवीस तारखेला बाईंनी सोळाच्या सोळा कागद लावून घेतले. दादांचं पत्र आलं तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी एका शब्दाभोवती गोल काढला.

"अर्जात तुम्ही वडिलोपार्जित म्हणाला होतात."

"आहेच ते."

"इथे परवानगीने म्हटलंय. आणि तुम्हाला मान्य आहे." त्यांनी खोडरबर काढून समासातलं बरं काहीतरी पुसलं. "म्हणजे तुमच्या नावावर काहीच नाही. वाटा धरला होता म्हणून तुमची बाजू भक्कम होती."

"बाई, घर नाही म्हणूनच तर घर घ्यायचंय."

"घर नसणाऱ्यांना कर्ज द्यायला आमची ना नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "फक्त त्यांचं कुठेतरी एखादं घर असलेलं बरं. तुम्ही एक करा, जामीनदार आणा. जवळचा नातेवाईक हवा आणि त्याचं स्वतःचं घर हवं. आहे कुणी?"

"आहे एक," कवळीकाका म्हणाले. "गेल्या सोमवारीच झालंय त्याचं."

दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं घर गुंतवायचं?"

आजवर या घराला दादा 'आपलं' म्हणत आले होते. कवळीकाकांच्या ते लक्षात आलं. वहिनींच्याही आलं असावं, कारण त्या पाणी आणायला उठल्या.

"नावाला जामीन, दादा. हप्ते मीच भरणार."

"सगळे तेच म्हणतात. पस्तीस वर्षं मी जामीन राहिलेल्यांची तोंडं बघत आलोय. उद्या तुझे हप्ते थकले तर बँक तुझं काय उचलणार? तुझ्या नावावर आहे काय?"

"परवापर्यंत होतं."

"नव्हतं. तू स्वतः मान्य केलंयस."

कवळीकाका पाणी प्यायले. भांडं खाली ठेवताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही. "ते पत्र रद्द करता येतं का?"

"येतं की. दोघांची संमती लागते."

"माझी आहे."

"माझी नाही," दादा म्हणाले. रागाने नव्हे. एखाद्याला कचेरीची वेळ सांगावी तसे म्हणाले.

तीस तारीख आली आणि गेली. फ्लॅट एका जोडप्याला गेला, ज्यांच्याकडे आधीची दोन घरं होती. बयाणा बिल्डरने कुठल्याशा कलमाखाली ठेवून घेतला. बायकोने खोकी एकेक करून उलगडली, सपाट केली आणि पलंगाखाली सरकवली. ती बोलली असती तर कवळीकाकांना जरा बरं वाटलं असतं. मुलीने टेबलाचा कोपरा पुसला आणि पुस्तक उघडलं. जबडे तिच्याकडे बघत होते.

त्यानंतरच्या एका दुपारी कवळीकाका डॉक्टरांकडे काम पोचवून परतले. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. पन्नास वर्षं ते दार खांद्याने ढकलून आत शिरत आले होते. आज ते उंबऱ्याशी थांबले. जरा वेळ दाराकडे पाहिलं आणि कडी वाजवली.

वहिनी आल्या. "अहो भावजी, उघडंच आहे की. वाजवताय काय परक्यासारखे?"

आतून दादांचा आवाज आला. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचाही आला.

"वाजवू दे गं. चांगली सवय आहे."